सोडणे एकदाच, सांभाळणे रोज

बार्शीच्या भुसार पेठेतील एका पेढीवर दुपारचे सौदे आटोपले की चहा येत असे, आणि चहापाठोपाठ शेठजींचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जात असे. तीस वर्षांचा हा परिपाठ. पर्युषणात त्यांनी दोनदा अठ्ठाई केली होती. आठ दिवस केवळ गरम पाण्यावर काढले आणि त्या आठ दिवसांत सिगारेटची आठवण फारशी छळली नाही. नवव्या दिवशी पारणे झाले आणि त्याच संध्याकाळी पेढीमागच्या बोळात पुन्हा काडी पेटली. जो माणूस आठ दिवस अन्नावाचून राहू शकतो, तो सिगारेटवाचून का राहू शकत नाही, हा त्यांच्या धर्मपत्नींचा प्रश्न होता. शेठजींपाशी त्याचे उत्तर नव्हते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी धाकट्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. भाऊ वाचला, पण त्याने आयुष्यातील पहिली सिगारेट आपल्याच पाकिटातून उचलली होती, ही गोष्ट शेठजींच्या मनातून जाईना. त्याच आठवड्यात स्थानकात जाऊन त्यांनी महासतीजींकडून धूम्रपानत्यागाचे पच्चक्खाण घेतले. नियम घेण्यास पाच मिनिटे लागली. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली.

धर्मपत्नींच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एका निराळ्या धर्मातील माणसांचे उदाहरण उपयोगी पडते. कर्मठ ज्यू समाजात शब्बाथच्या दिवशी अग्नी पेटविणे निषिद्ध असते. त्यामुळे एरवी सिगारेट ओढणारी माणसेही त्या दिवशी ती ओढत नाहीत. इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ रूवेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा माणसांची तल्लफ तीन दिवशी मोजली : नेहमीप्रमाणे धूम्रपान केलेला दिवस, शब्बाथचा दिवस, आणि केवळ संशोधकांच्या विनंतीवरून सिगारेट न ओढलेला कामाचा दिवस. शब्बाथला आणि विनंतीच्या दिवशी शरीराला निकोटीन सारखेच मिळाले नव्हते. तरीही शब्बाथच्या दिवशीची तल्लफ पुष्कळ कमी होती. पुढे २०१० मध्ये याच संशोधकांनी विमानातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. लहान प्रवास संपत आला की त्यांची तल्लफ वाढे. लांबच्या प्रवासात तितकेच तास लोटले तरी ती तेवढी वाढत नसे, मात्र तो प्रवासही संपत आला की उसळे. शेवटच्या सिगारेटला किती वेळ झाला यापेक्षा पुढची सिगारेट किती जवळ आली, यावर तल्लफ अधिक अवलंबून होती.

अठ्ठाईचे रहस्य येथे उलगडते. आठ दिवस मन शांत होते, कारण त्या काळात परवानगीचा प्रश्नच नव्हता. नवव्या दिवसाचे दार मात्र आधीपासून किलकिले होते. कायमच्या त्यागात नववा दिवस नसतो. परंतु मन तो निर्माण करते. ‘भाचीच्या लग्नात एक’, ‘दिवाळीला मुहूर्ताचा सौदा झाला की एक’, अशी लहान लहान दारे ते उघडी ठेवते. जो व्यापारी उधारी बंद केल्याचे जाहीर करतो, पण जुन्या गिऱ्हाइकाला ‘तुमची गोष्ट वेगळी’ म्हणतो, त्याची उधारी कधीच बंद होत नाही. म्हणून गल्ल्यात, गाडीत वा प्रवासाच्या बॅगेत ‘अडीअडचणीला असू द्यावे’ म्हणून ठेवलेले पाकीट पहिल्याच दिवशी बाहेर जावयास हवे.

याचा अर्थ शरीराचे काहीच म्हणणे नसते असा नव्हे. झुरक्यातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदू त्याची वाट पाहू लागतो. ते मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता, अपुरी झोप, कामात लक्ष न लागणे, भूक वाढणे ही लक्षणे दिसतात. पहिला आठवडा, त्यातही पहिले दोन-तीन दिवस, सर्वांत कठीण. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतांशी ओसरतो. त्यानंतर जी तल्लफ येते ती मुख्यतः आठवणीची असते. चहाचा पेला, सौद्याची धावपळ, भाव पडल्याचा फोन, जुना मित्र यांच्याशी सिगारेटची गाठ बांधली गेलेली असते. ही गाठ एका दिवसात सुटत नाही. प्रत्येक वेळी सिगारेटविना तो प्रसंग पार पडला की ती थोडी सैल होते.

तल्लफ ही लाटेसारखी असते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट सांगत. ती उठते, माथ्यावर येते आणि काही मिनिटांत उतरते. तिच्याशी झुंजण्याची आवश्यकता नसते. ती उतरेपर्यंत थांबण्याची असते. अशा वेळी गाजराचे तुकडे चघळावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात तो कुचकामी. दिवसा बडीशेप, लवंग, वेलदोडा वा काकडी यांनी तेच काम होते. खरी अडचण सूर्यास्तानंतर येते. चौविहार पाळणाऱ्याला रात्री तोंडात काही घालता येत नाही, पाण्याचा घोटही नाही. आणि तल्लफ तर बहुधा जेवणानंतरच येते. शेठजींनी त्यासाठी दोन उपाय योजले. संध्याकाळचे जेवण होताच ते पाटावरून उठून स्थानकापर्यंत पायी जात. आणि रात्री हात रिकामे राहू नयेत म्हणून नवकारवाळी जवळ ठेवीत. एक माळ पूर्ण होईपर्यंत लाट बहुधा उतरलेली असे.

चहाची बाब मात्र त्यांच्या ध्यानात उशिरा आली. सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे शरीरातील कॅफिनचा निचरा जलद होतो. धूम्रपान थांबले की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातून कॅफिनचा परिणाम अधिक होतो. पेठेतील दिवसाचे आठ पेले तसेच चालू राहिले, तर छातीत धडधड होते, झोप उडते, आणि माणूस त्यालाच सिगारेटची तल्लफ समजतो. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर शेठजींचे आठ पेले चारांवर आले आणि झोप पूर्ववत झाली.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. निकोटीनचा च्युइंगम व त्वचेवर लावावयाची पट्टी उपलब्ध आहे. चौविहार करणाऱ्यांना पट्टी अधिक सोयीची. ब्यूप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. केंद्र शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन मिळते. मात्र एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडू नये. मिश्री वा तंबाखूचे पान हे पर्याय नव्हेत. सुपारीही निरुपद्रवी नाही; ती कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. ई-सिगारेटवर तर भारतात २०१९ पासून बंदी आहे. वजन सरासरी चार-पाच किलोंनी वाढू शकते. पण धूम्रपान सोडल्याचा लाभ त्या वजनाच्या तोट्याहून कितीतरी मोठा आहे.

उत्साह टिकविण्यासाठी शेठजींनी व्यापाऱ्याला शोभेल असा मार्ग निवडला. सिगारेटवर रोज सुमारे दीडशे रुपये जात. तेवढेच रुपये रोज दुकानावर येणाऱ्या पिग्मी एजंटाच्या हाती देण्यास त्यांनी सुरुवात केली. वर्षाचे ५४,७५० रुपये होतात, हा हिशेब मुनीमजींनी पहिल्याच दिवशी मांडला. न ओढलेली सिगारेट डोळ्यांना दिसत नाही. पासबुकातील आकडा दिसतो.

त्र्याहत्तराव्या दिवशी तुरीचे भाव कोसळले. गोदामात माल पडून होता, बँकेचे कर्ज डोक्यावर होते. रात्री घरी परतताना शेठजींनी टपरीवरून एक सिगारेट घेतली आणि अंधारात उभे राहून ओढली. त्या एका सिगारेटपेक्षा घातक ठरला तो नंतर आलेला विचार : नियम मोडलाच आहे, आता एक काय आणि दहा काय! बहुतेकांचा त्याग पहिल्या सिगारेटने नव्हे, तर या विचाराने बुडतो. मार्लॅट यांनी घसरणे आणि पूर्णपणे परत जाणे यांत भेद केला, तो याचसाठी.

जैन परंपरेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नियमभंगाच्या चार पायऱ्या शास्त्रकारांनी सांगितल्या आहेत : मनात इच्छा येणे हा अतिक्रम, त्या दिशेने पाऊल टाकणे हा व्यतिक्रम, अंशतः दोष घडणे हा अतिचार आणि नियम सर्वस्वी मोडणे हा अनाचार. अतिचारासाठी आलोचना आहे, प्रतिक्रमण आहे. दोष लपविल्याने मात्र माणूस पुढच्या पायरीकडे ढकलला जातो. आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरच सावध होता येते, हाही या विवेचनाचा व्यावहारिक लाभ. टपरीकडे वळलेले पाऊल हीच धोक्याची घंटा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पिग्मी एजंट नेहमीप्रमाणे आला. शेठजींचा हात गल्ल्यावर क्षणभर थबकला. मग त्यांनी दीडशे रुपये मोजून दिले आणि मुनीमजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काल एक ओढली. आजपासून पुन्हा नाही.” संध्याकाळी हेच त्यांनी घरी सांगितले. धर्मपत्नींनी बोल लावला नाही. “सांगितलंत, बरं केलंत. उद्यापासून पेढी बंद होईपर्यंत मुलाला थांबायला सांगते, घरी दोघं मिळून या,” एवढेच त्या म्हणाल्या. घरच्यांच्या वागण्याचे महत्त्व येथे आहे. टोमणा माणसाला बोळात नेतो. सोबत त्याला घरी आणते. महासतीजींपुढे आलोचना करून शेठजींनी नियम पुन्हा घेतला.

साठीकडे झुकलेल्या माणसाने आता सोडून काय मिळणार, असे पुष्कळांना वाटते. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी घटते. मात्र साठाव्या वर्षी सोडल्यास त्यांपैकी सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सर्व दहा वर्षे वाचतात. धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका वर्षभरात सुमारे निम्म्यावर येतो. मुद्दल सगळे परत मिळत नाही. पण वसुली सुरू होण्यास उशीर झाला म्हणून कोणी खाते सोडून देत नाही.

वर्ष पूर्ण झाले तेव्हा शेठजींची पिग्मी ठेव परिपक्व झाली. सौदे आटोपून चहा आला की त्यांचा हात अजूनही क्वचित खिशाकडे जातो आणि बडीशेपेची डबी घेऊन बाहेर येतो. धाकट्या भावाने झटक्यानंतर दोनदा सोडून दोनदा पुन्हा सुरू केली होती. ठेव मिळाली त्या दिवशी तो पेढीवर बसलेला होता. पासबुक त्याने हातात घेतले, चाळले आणि एजंटाला विचारले, “नवीन खात्याला काय काय कागद लागतात?”