लंडी कोतलहून केलेला फोन

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निधन झाले. १९६५च्या युद्धात उजवा खांदा जखमी असतानाही त्यांनी आपले विमान तळावर परत आणले होते. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले.

त्यांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवले होते. तेथील प्रमुख, पाकिस्तानी हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, कैद्यांशी माणुसकीने वागत.

१३ ऑगस्ट १९७२च्या रात्री परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे भिंतीला भगदाड पाडून निसटले. बसने पेशावर, पुढे जमरूद आणि मग लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर होती. तिथे त्यांनी 'लंडी खाना'ला कसे जायचे, असे विचारले. हे रेल्वे स्टेशन इंग्रजांच्या काळातच, १९३२ मध्ये बंद झाले होते. लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

हेर समजून त्यांना तिथेच ठार केले जाण्याची भीती होती. अशा वेळी परुळकरांना आठवले ते उस्मान हमीद. हमीद तेव्हा हवाई दल प्रमुखांचे एडीसी होते. त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले. हे आमचेच कैदी आहेत, त्यांना इजा करू नका, असे हमीद यांनी तेथील अधिकाऱ्याला कळवले. तिघांचे प्राण वाचले.

जिनिव्हा करार १९४९चा आहे. पण कुरआनच्या सूरह दहरमध्ये गरीब आणि अनाथ यांच्याबरोबर कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे. बद्रच्या लढाईनंतर हजरत मुहम्मद (स.) यांनी कैद्यांशी चांगले वागण्याची ताकीद दिली. सहाबांनी स्वतः खजुरांवर भागवून त्यांना भाकरी दिली. ज्यांना लिहिता-वाचता येत होते, अशा काही कैद्यांची सुटका मुलांना शिकवण्याच्या बदल्यात झाली.

१ डिसेंबर १९७२ रोजी परुळकर व त्यांचे साथीदार वाघा सरहद्दीवरून मायदेशी परतले. पलायनाच्या धाडसाबद्दल परुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या घरांत मुलांना ही शौर्यकथा जरूर सांगा. मात्र सांगताना तो फोन वगळू नका. हाती सापडलेल्या शत्रूचा जीव राखणे हेही शौर्यच आहे.