'मोअर बेटर' नको रे बाबा!

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की आपण अ‍ॅप्टिट्यूडची पुस्तकं पालथी घालतो. पण ग्रुप डिस्कशनमध्ये 'धिस ऑप्शन इज मोअर बेटर' असं एक वाक्य तोंडातून गेलं की सगळ्या तयारीवर पाणी!

ही चूक होते, कारण मनात मराठी चालू असते. मराठीत 'उंच' हा शब्द बदलतच नाही. 'त्याच्यापेक्षा उंच', 'सगळ्यांत उंच', झालं काम. फार तर मध्ये 'जास्त' घालायचं. इंग्रजीत मात्र विशेषणाचं रूपच बदलतं. 'बेटर'मध्ये 'जास्त' आधीच आहे, त्यावर 'मोअर' म्हणजे गोड चहात पुन्हा साखर.

नियम सोपा आहे. शब्दाच्या उच्चारातले ठोके, म्हणजे सिलॅबल, मोजा.

१) एक ठोका असेल तर 'अर' आणि 'एस्ट' : टॉल, टॉलर, टॉलेस्ट.
२) दोन ठोके आणि शेवटी 'वाय' असेल तर 'वाय'चा 'आय' होतो : हेवी, हेविअर, हेविएस्ट.
३) बहुतेक लांब शब्दांना 'मोअर' आणि 'मोस्ट' : मोअर एफिशियंट, मोस्ट डिफिकल्ट.
४) 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट' ही मंडळी पाठच करायची.

आता हॉस्टेलचे लाडके शब्द, सीनिअर आणि ज्युनिअर. लॅटिनमध्ये हे मुळातच तुलनेचे शब्द. त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टू' येतो : 'ही इज सीनिअर टू मी.'

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आणखी एक खड्डा असतो. 'द एफिशियन्सी ऑफ धिस मोटर इज हायर दॅन द अदर मोटर' असं लिहिलं, तर एफिशियन्सीची तुलना थेट मोटरशीच झाली! 'दॅन दॅट ऑफ द अदर मोटर' हवं.

गंमत म्हणजे हा 'एस्ट' आपल्याला परका नाही. कनिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ यांतला संस्कृत 'इष्ठ' हा त्याचाच भाऊबंद, दोघांचं मूळ एकच. मराठीने हे शब्द घेतले, पण प्रत्ययाचा अर्थ विसरली. 'श्रेष्ठ' म्हणजेच सगळ्यांत वरचा, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. म्हणजे 'मोअर बेटर'ची सवय घरचीच! मराठीत ती रुळली, इंटरव्ह्यूत खपणार नाही.

तेव्हा 'मोअर' ओठांवर आलं की क्षणभर थांबा. पुढच्या शब्दाला 'अर' आधीच जोडलाय? मग 'मोअर' गिळून टाका.