अपक्षाला दिलेलं मत वाया जातं का?

मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली. बचत गोळा झाली, वही मिटली आणि एका ताईने विषय काढला. त्यांच्या वॉर्डातली पाण्याची लाइन तीन वर्षं अर्धवट पडली आहे. गावातल्या दोन्ही पॅनेलवाल्यांना त्यांनी सांगून पाहिलं, कोणी मनावर घेतलं नाही. "मग मीच फॉर्म भरू का?" त्यांनी विचारलं. लगेच दोघी-तिघी म्हणाल्या, "तुमच्यामागे पॅनेल नाही, पैसा नाही. तुम्हाला दिलेलं मत पाण्यात."

त्या दिवशी आम्हालाही नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज एका खऱ्या निवडणुकीची गोष्ट सांगतो. ती आपल्याकडची नाही, लंडनची आहे.

श्रीलंकेत १९८३ साली तमिळ लोकांविरुद्ध मोठी दंगल झाली आणि तिथून पुढे सव्वीस वर्षं युद्ध चाललं. एका बाजूला सरकारचं सैन्य, दुसऱ्या बाजूला तमिळ वाघांची संघटना. या काळात हजारो तमिळ कुटुंबं देश सोडून गेली. कोणी तमिळनाडूत आलं, कोणी कॅनडात गेलं, कोणी लंडनमध्ये. अंगावरच्या कपड्यांनिशी गेलेली माणसं तिथे कामाला लागली, मुलं शिकली. जीव मात्र मागे राहिलेल्या नातेवाइकांत अडकलेला.

२००९ च्या सुरुवातीला युद्ध शेवटाला आलं. मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीत लाखभराहून जास्त साधी माणसं अडकली. वरून सैन्याचे तोफगोळे, आणि वाघांची संघटना त्यांना बाहेर पडू देईना. लंडनमधली तमिळ माणसं एप्रिलमध्ये तिथल्या संसदेसमोर जमली आणि दोन महिन्यांहून जास्त काळ तिथे आंदोलन चाललं. त्यात आया होत्या, म्हाताऱ्या आज्या होत्या, कॉलेजची मुलं होती. "युद्ध थांबवा" एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये युरोपच्या संसदेची निवडणूक होती. इंग्लंड तेव्हा युरोपीय संघात होतं. तमिळांसाठी काम करणाऱ्या जननी जननायगम या बाईंनी लंडनमधून अपक्ष म्हणून अर्ज भरला. कोणत्याही पक्षाचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं. अनामत रक्कम होती ५,००० पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतीन लाखांहून जास्त रुपये. एकूण मतांपैकी अडीच टक्के मतं मिळाली नाहीत, तर ती रक्कम जप्त.

मतदान ४ जूनला होतं. १८ मे रोजी युद्ध संपलं होतं. ज्यांना वाचवायचं म्हणून लोक रस्त्यावर बसले, त्यांतले किती तरी गेले होते. तरीही लोक मतदानाला गेले. जननायगम यांना ५०,०१४ मतं पडली. अनामत वाचली.

पण त्या निवडून आल्या नाहीत. का, ते समजून घेऊ. तिथे अख्खं लंडन एकच मतदारसंघ होता आणि जागा होत्या आठ. पक्ष आपल्या उमेदवारांची यादी देत आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जात. अपक्ष म्हणजे एकाच नावाची यादी. शेवटची, आठवी जागा मिळवायला दीड लाखाहून जास्त मतं लागली. म्हणजे पन्नास हजार मतं पडूनही रस्ता लांब होता.

मग ती मतं वाया गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. आंदोलनाला किती माणसं आली, यावर वाद घालता येतो. पोलीस एक आकडा सांगतात, आयोजक दुसरा. मतपेटीतला आकडा मात्र सरकारच मोजतं आणि सरकारच जाहीर करतं. पन्नास हजार माणसांनी या एका प्रश्नासाठी मत दिलं, हे कागदावर आलं. पुढे मतं मागायला येणाऱ्या कोणत्याही पक्षाला तो आकडा दिसणारच.

अर्थात मतांनी गेलेली माणसं परत आली नाहीत, हेही खरं आहे. मत हा औषधाचा डोस नाही, की घेतला आणि गुण आला.

यातून एक गोष्ट नीट लक्षात ठेवू. चौकात बसलेली गर्दी आपोआप मत होत नाही. त्यासाठी मतदार यादीत नाव लागतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मताचा हक्क आहे, पण नाव नोंदवलं तरच. त्यात श्रीलंकेचे आले, तसे आपले भारतीयही आले. तुमच्यापैकी कोणाची लेक-सून तिकडे असेल, तर तिलाही हे सांगा.

आता आपल्या ताईंकडे येऊ. आपल्याकडे लोकसभेला अपक्ष उभं राहायचं, तर मतदारसंघातले दहा सूचक लागतात. सर्वसाधारण उमेदवाराला २५,००० रुपये अनामत असते आणि एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जाते. ते मोठं काम आहे. पण ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्हच नसतं. पॅनेल ही गावकऱ्यांनी केलेली जुळणी आहे, कायद्याची अट नाही. कायद्यासमोर पॅनेलची बाई आणि आपली ताई सारख्याच. शिवाय वॉर्ड लहान असतो, दहा-वीस मतांनीही निकाल फिरतो. लंडनच्या बाईंना दीड लाख मतं हवी होती. आपल्या ताईंना किती हवीत, ते मागच्या निकालाचा कागद पाहून कळेल.

म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही तीन कामं ठरवली आहेत. वॉर्डाची मतदार यादी आणायची आणि कोणाचं नाव सुटलंय ते पाहायचं. मागच्या वेळी किती मतांवर जागा गेली ते काढायचं. आणि पाण्याच्या लाइनसाठी किती घरं उभी राहतील, ते दारोदार जाऊन विचारायचं. आकडे समोर आले की उभं राहायचं की नाही, ते ताईंनी ठरवावं. तुमच्या गावातही कोणी विचारत असेल, तर आधी यादी आणा.