कोन्याक ब्रांडी व तिची जमीन

कोन्याक हें नांव मद्याचें म्हणून पुष्कळांच्या ऐकण्यांत असतें. परंतु मुळांत तें फ्रान्सच्या पश्चिम भागांतील, शारांत नदीकांठच्या एका गांवाचें नांव होय. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. जमिनीच्या गुणाची पारख व त्या गुणाचें रक्षण शेतकऱ्यास कसें फलद्रूप होतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

आमचें आयुष्य जमिनीच्या प्रतबंदीचे कागद लिहिण्यांत गेलें. तशीच प्रतबंदी तेथेंहि आहे. मात्र ती साऱ्यासाठीं नसून मालाच्या नांवासाठीं आहे. १९०९ सालच्या हुकुमानें या ब्रांडीचा मुलूख आंखून दिला व १९३८ सालीं त्याचे सहा पोटभाग ठरले. पहिल्या प्रतीचा भाग ग्रांद शांपेन. फेसाळ शांपेन मद्याचा प्रांत तो हा नव्हे. येथील भुसभुशीत चुनखडी पावसाचें पाणी खोल धरून ठेवते व उन्हाळ्यांत वेलीस हळूहळू पुरविते. येथील ब्रांडीस फुलांसारखा नाजूक वास असून ती पक्व होण्यास फार वर्षें लागतात. पतीत शांपेन हिच्या खालोखाल. बोर्दरी हा सर्वांत लहान भाग. तेथें चिकणमाती व गारगोटी असून ब्रांडीस व्हायोलेट फुलाचा वास येतो. बाकीचे तीन भाग उतरत्या प्रतीचे. त्यांतील शेवटचा समुद्राकडील रेताड जमिनीचा.

लागवड बहुतेक यूनी ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची. त्याचें आसव हलकें व आंबट. आंबटपणामुळेंच तें भट्टीवर जाईपर्यंत टिकतें. तांब्याच्या भट्टींत तें दोनदां गाळतात व ओकच्या पिंपांत निदान दोन वर्षें मुरवितात. दरवर्षीं शेंकडा दोनच्या सुमारास माल हवेंत उडून जातो. त्यास तेथें ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात.

याच चुनखडीनें एकदां मोठी अडचण केली. १८७० नंतर अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनें मुळांतील रस शोषून मळे उजाड केले. सुमारें २,८०,००० हेक्टरांपैकीं १८९३ सालीं ४०,००० च्या आसपास उरले. किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमें बांधण्याचा उपाय इतरत्र चालला. येथें मात्र चुन्यामुळें पानें पिवळीं पडून वेली मरूं लागल्या. तेव्हां १८८७ सालीं प्येर व्हियाला या फ्रेंच शास्त्रज्ञास अमेरिकेस धाडिलें. टेक्सासमधील द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांच्या साह्यानें, तशाच चुनखडींत वाढणाऱ्या जंगली वेली त्यांनीं हेरल्या. त्यांच्या संकरांतून चुना सोसणारे खुंट तयार झाले. अशा रीतीनें खुंट बदलला, पण जमीन व तिचें नांव राहिलें.

आजहि त्या मुलुखाबाहेरची ब्रांडी कितीहि उत्तम असली तरी तीस कोन्याक म्हणतां येत नाहीं. आपल्याकडेहि नाशिकच्या द्राक्षांस व, २०१८ सालीं, कोंकणच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु नोंद दप्तरीं पडून भागत नाहीं. आपल्या नांवाखालीं परमुलखींचा माल विकूं न देण्याची दक्षता बागाईतदारांनींच एकजुटीनें बाळगिली, तर त्या नांवाची किंमत त्यांच्या पदरांत पडेल.