वीस अक्षरांत हिरोचा जीव: 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये गेम सेव्ह कसा व्हायचा?

आपल्या गोष्टींमध्ये राक्षसाचा जीव दूर कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात असायचा. १९८६ साली जपानमधल्या मुलांच्या हिरोचा जीव वहीच्या पानावर असायचा. वीस अक्षरं. एक चुकलं, की आठवड्याची मेहनत पाण्यात.

तो गेम म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट'. २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आणला. फॅमिकॉम म्हणजे टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचा तोच डबा, ज्याच्या नकला नव्वदीत आपल्याकडेही अनेक घरांत होत्या. कल्पना युजी होरी यांची, चित्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांची. राक्षस मारायचे, अनुभव आणि सोनं कमवायचं, चांगली तलवार घ्यायची आणि शेवटी ड्रॅगनांच्या राजाला भिडायचं. हे एका बैठकीत होणारं काम नाही. म्हणजे मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता यायला हवं.

अडचण इथेच होती. कॅसेटमध्ये जागा फक्त ६४ केबी. व्हॉट्सॲपवर येणारा साधा फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. जागा वाचवायला काताकाना लिपीतली विसेकच अक्षरं ठेवली होती आणि राक्षसांची, गावांची नावं त्यांतूनच जुळवावी लागली. शिवाय कॅसेटला स्मरणशक्ती नव्हती. डबा बंद केला की सगळं पुसलं.

त्यावरचा उपाय म्हणजे 'फुक्कात्सु नो जुमोन'. आपण त्याला संजीवनी मंत्र म्हणू. खेळ थांबवायचा तर आधी राजवाड्यात परत जायचं. तिथे राजा हिरागाना लिपीतली वीस अक्षरं सांगायचा, ती वहीत उतरवायची. (हिरागानाचा आजचा क्रम आपल्या वर्णमालेच्या अभ्यासातून आलाय, सुरुवातीला स्वर, मग 'क'ची ओळ.)

मंत्र दिसायला अर्थहीन, पण आत सगळा हिशेब. ६४ अक्षरं वापरली होती, म्हणजे प्रत्येक अक्षर ० ते ६३ मधला एक आकडा. संगणकाच्या भाषेत सहा बिट. वीस अक्षरांचे १२० बिट, फक्त १५ बाइट! त्यात हिरोचं नाव, अनुभव, सोनं, शस्त्रं, किल्ल्या, औषधी पाला, सगळं बसवलं होतं. लेव्हल मात्र लिहिलेलीच नव्हती, कारण ती अनुभवावरून काढता येते. हिरो कुठे उभा आहे तेही नाही, म्हणून खेळ दरवेळी राजासमोरच सुरू व्हायचा. मला यातली ही काटकसर सगळ्यात भारी वाटते.

उरलेले काही बिट ताळा करण्यासाठी. अक्षर चुकलं की ताळा जमत नाही आणि मंत्र चुकीचा आहे एवढंच उत्तर मिळतं. कुठलं अक्षर चुकलं, ते नाही. जुन्या टीव्हीच्या धूसर पडद्यावर 'नु' आणि 'मे' ही अक्षरं जवळपास सारखीच दिसायची, त्यामुळे रडारड ठरलेली.

ताळा आठच बिटांचा, म्हणजे कुठलीही वीस अक्षरं टाकली तरी २५६ पैकी साधारण एकदा तो जुळणार. मंत्र ५-७-५-३ अशा तुकड्यांत मांडलेला, त्यामुळे जपानी लोकांना हायकू आठवणारच. बाशोचा बेडकाचा प्रसिद्ध हायकू टाकून पुढे ठरावीक तीन अक्षरं जोडली, तर खरंच खेळ सुरू होतो!

१९८७ च्या दुसऱ्या भागात हिरो तीन झाले आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. शेवटी १० फेब्रुवारी १९८८ ला आलेल्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच छोटी बॅटरी बसवली. वही सुटली, पण नवं दुखणं आलं. डब्याला धक्का लागला की कधी कधी सगळी नोंद उडायची आणि भेसूर धून वाजवत गेम ती बातमी द्यायचा.

त्या बॅटऱ्या आता एकेक करून संपतायत. पण १९८६ ची एखादी वही कुणाच्या माळ्यावर सापडली आणि अक्षर नीट लागलं, तर तो हिरो आजही राजासमोर उभा राहील, तेवढ्याच सोन्यासह.