पहिला कॅमेरा घेताना : पैसे बॉडीत घालायचे की लेन्समध्ये?

(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)

आज कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण थोडे आकडे येणार आहेत. घाबरायचं कारण नाही. ब्लाउजचं माप घेता येतं तिला हे आकडे जड नाहीत.

गटाच्या कर्जातून करायच्या छोट्या धंद्यांवर आपण बोललो, त्यानंतर एका ताईंनी विचारलंय : “मी फोनवर बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढते. आता लोक अल्बम मागतात. गटातून पन्नास हजार मिळतायत. दुकानदार म्हणतो, मोठा डीएसएलआर घ्या, दोन लेन्सवाला सेट घ्या, सगळं काम होईल. घेऊ का?”

ताई, कॅमेरा घ्या, पण दुकानदाराचा तो सेट घेऊ नका. का, ते सांगण्यासाठी आजची वेळ घेतलीय. कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर असलं तरी हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या दहा जणींकडे बघितलं जातं. तेव्हा पैसा कुठे घालायचा हे दुकानात उभं राहून नको, घरी बसून ठरलेलं बरं.

आधी एक कडू गोष्ट सांगतो. फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असतील आणि उजेड बरा असेल, तर चांगल्या फोनचं काम पुष्कळ झालं. डीएसएलआर लागतो तो अंधाऱ्या खोलीत, रांगणाऱ्या पोराच्या मागे, आणि फोटो मोठा छापायचा असेल तेव्हा. ताईंची कामं तिन्ही तशीच आहेत, म्हणून आम्ही हो म्हणालो.

या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून वर जातं आणि डोळ्याजवळच्या खिडकीत दिसतं. बटण दाबलं की आरसा टपकन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज त्याचाच. पहिल्या कॅमेऱ्यात हा सेन्सर साधारण मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो, बावीस-तेवीस मिलिमीटर लांब आणि पंधरा मिलिमीटर उंच. फोनमधल्यापेक्षा कितीतरी मोठा. याच्याही वर ३६ बाय २४ मिलिमीटरचा ‘फुल फ्रेम’ असतो. तो पहिल्या कर्जात घ्यायचा नाही, एवढं लिहून घ्या आणि पुढे चला.

मेगापिक्सलचंही तसंच. ८ बाय १२ इंचाचा स्वच्छ फोटो छापायला नऊ मेगापिक्सलही लागत नाहीत. आजच्या साध्या बॉडीत चोवीस असतात. लग्नाच्या १२ बाय ३६ च्या करिझ्मा अल्बमात एका पानावर चार-पाच फोटो जोडलेले असतात, त्यालाही चोवीस पुरेसे आहेत. दुकानदार मेगापिक्सल मोजायला लागला की त्याला बोलू द्यावं आणि आपण लेन्सकडे बघावं.

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरचा. १८ म्हणजे पसरट, सगळी खोली मावते. ५० म्हणजे जवळून, २५० म्हणजे दुर्बिणीसारखं. दुसरा आकडा ‘एफ’चा, उजेड आत येण्याच्या खिडकीचा. हा उलटा चालतो. शिवणाच्या दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो ना? तसंच इथे. आकडा वाढला की खिडकी लहान. एफ १.८ म्हणजे मोठी खिडकी, एफ ५.६ म्हणजे झरोका. किती फरक? एफ १.८ मधून एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड येतो. ट्यूबलाइटच्या खोलीत पाळण्यातल्या बाळाचा फोटो हलका येतो की नीट, ते या दहापटीवर ठरतं.

आता दुकानदाराचा सेट बघू. त्यात एक १८-५५ ची लेन्स असते, जी बहुतेक बॉडीबरोबर येतेच. दुसरी कॅननमध्ये ५५-२५०, निकॉनमध्ये ७०-३००. ही दुसरी लांब दिसते, झोकदार दिसते, गिऱ्हाइकावर छाप पडते. पण हिशोब करा. पाच-सव्वापाच फूट उंचीची बाई, पायाच्या जोडव्यापासून डोक्याच्या गजऱ्यापर्यंत, कॅमेरा उभा धरून घ्यायचीय. १८ मिलिमीटरवर तुम्ही साडेचार-पाच फुटांवर उभ्या राहिलात तरी ती मावते. ३५ वर साधारण नऊ फूट मागे जावं लागतं. ५० वर बारा-तेरा फूट. आणि त्या लांब लेन्सच्या सगळ्यात पसरट टोकाला, ५५ वर, चौदा फूट. आपली माजघरं दहा बाय बाराची. म्हणजे भिंत पाडून अंगणात जावं लागेल! वर खिडकी लहान, एफ ४ पासून पुढे. शाळेच्या क्रीडास्पर्धा, कुस्तीचं मैदान, माळावरचे पक्षी यांना ती लेन्स उत्तम. डोहाळजेवणाला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. वर्षातून दोनदा लागली तर शहरात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात.

दुकानदार सांगेल, हिच्यात हात हलला तरी चित्र न हलण्याची सोय आहे. असते, खरं आहे. पण ती सोय तुमच्या हाताची थरथर सांभाळते, बाळाचं पाय झाडणं नाही. बाळ थांबवायला पडदा झटकन उघडून मिटावा लागतो, सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तरी, आणि तेवढ्यात पुरेसा उजेड आत घ्यायला मोठी खिडकीच लागते.

म्हणून आमचं मत असं : १८-५५ राहू द्या, आणि दुसरी एफ १.८ ची एकाच मापाची लेन्स घ्या. झूम नाही म्हणून नाक मुरडू नका, झूम आपल्या पायांत आहे. कॅननची बॉडी असेल तर ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम. वजन १६० ग्रॅम, कंपनीच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी एक. कमरेपासून वरचा फोटो सहा-सात फुटांवरून सुरेख येतो, मागची भांड्यांची मांडणी मऊ पुसट होते. निकॉन असेल तर ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स आम्ही आधी सुचवू, कारण लहान खोलीत ती जास्त मावते. उभा पूर्ण फोटो आणि हळदी-कुंकवाची बायकांची रांग मात्र १८-५५ नेच.

या मोठ्या खिडकीचा एक नखरा आहे. एफ १.८ वर जवळून फोटो काढला तर फक्त एका पातळीवरचं स्पष्ट येतं. नवरीचे डोळे लख्ख आणि मागे वाकून बघणारी करवली धूसर. पुढे-मागे दोघी असतील तर एफ ४ किंवा ५.६ करा आणि दोघींना एका रेषेत उभं करा.

निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐका, इथे पुष्कळांचे पैसे जातात. बाजारात ५० मिलिमीटर एफ १.८ ‘डी’ नावाची जुनी लेन्स स्वस्तात मिळते. तिच्यात फोकसची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी ३५००, डी ५६०० या बॉडींत ती मोटर नाहीच. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने. रांगणाऱ्या पोराच्या मागे ते जमत नाही. लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ आहे ना, ते वाचून घ्या. कॅननच्या ‘ईएफ’ लेन्समध्ये हा प्रश्न येत नाही, मोटर लेन्समध्येच असते.

बॉडीबद्दल फार बोलत नाही. कॅननची १५०० डी आणि निकॉनची डी ३५००, दोन्ही २०१८ सालच्या, चोवीस मेगापिक्सलच्या, शिकायला आणि कमवायला चांगल्या. डी ३५०० ची बॅटरी एका चार्जमध्ये दीड हजारांवर फोटो देते, ही मोठी गोष्ट. कॅनन २०० डी मार्क २ मध्ये फिरणारा पडदा आहे, व्हिडिओला सोयीची. पण तिच्या फ्लॅशच्या जागी मधली पिन नाही, त्यामुळे साधे स्वस्त फ्लॅश तिच्यावर पेटत नाहीत. पुढे फ्लॅश घ्यायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

कुणी म्हणेल, आता आरशाचे कॅमेरे मागे पडले, मिररलेस घ्या. खरंय. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनी मिररलेससाठी नवी जोडणी आणली आणि नवं काम तिकडेच चाललंय. पण त्यामुळेच वापरलेले डीएसएलआर आवाक्यात आले. आणि कॅननच्या ईएफ लेन्सा जोडकडं लावून नव्या बॉडीवर आपोआप फोकससकट चालतात. बॉडी चार-पाच वर्षांत बदलाल, लेन्स राहते. आम्ही पैसा लेन्समध्ये घाला म्हणतो ते यासाठी.

जुना माल घ्यायला मुंबईत फोर्टातला बोरा बाजार ओळखीचा आहे. आपल्या जवळच्या शहरातही दोन-चार दुकानं असतात. घाई करू नका, दिवसाच्या उजेडात जा. पहिलं, शटर किती वेळा उडालंय ते विचारा. साध्या बॉडीचं शटर साधारण लाखभर फोटो धरून बनवतात. ऐंशी हजार झालेली बॉडी स्वस्त असली तरी नको. दुसरं, एफ १६ करून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. साफ होते, पण तेवढी किंमत कमी करून मागा. तिसरं, लेन्स काढून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स हातात ठेवायची नाही, परत द्यायची. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघा. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा नंबर लिहून घ्या. नव्या मालालाही जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी हवीच. बिलाशिवाय दोन हजार कमी लावतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

आणि कॅमेरा स्वतःच्या हातात धरून बघा, मुलाच्या किंवा दिरांच्या नाही. करंगळी खाली लोंबकळते का? अंगठ्याला बटण पोचतं का? चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की आपल्या नंबराप्रमाणे आतलं अक्षर स्पष्ट होतं. चाळिशी लागलेल्या कितीतरी जणी कॅमेराच धूसर आहे समजून परत ठेवतात. वजनाचं म्हणाल तर साध्या बॉडी अर्ध्या किलोच्या आत-बाहेर असतात. होमाई व्यारावाला, १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांनी साडी नेसून याहून अवजड कॅमेरे वागवले आणि २०११ मध्ये पद्मविभूषण मिळवलं. पट्टा मात्र गळ्यात न घालता आडवा घाला, मंगळसूत्रात अडकत नाही.

आता पन्नास हजारांचं वाटप. शंभरातले साठ बॉडी आणि १८-५५ ला, तेही वापरलेली चांगली मिळाली तर. वीस एफ १.८ च्या लेन्सला. दहा जादा बॅटरी, ३२ जीबीची दोन कार्डं आणि पिशवीला. एकच मोठं कार्ड नको, बिघडलं तर अख्खं बारसं गेलं, आणि ते बारसं परत होत नाही. उरलेले दहा खर्चू नका. पहिल्या दोन महिन्यांत कामं कमी येतील तेव्हा हप्ता त्यातून जाईल. फ्लॅश पहिल्या मिळकतीतून घ्या, आणि तो तोंडावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवा.

पहिलं पैशाचं काम घेण्याआधी महिनाभर घरच्याच खोलीत, संध्याकाळी सात वाजता, ट्यूबलाइटखाली सराव करा. ट्यूब किंवा एलईडीखाली फोटोत काळपट पट्टे आले तर शटर शंभरावर आणा. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, त्याच्याशी ते जुळतं.

राहिला पावसाळा. कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको, चपलेलासुद्धा बुरशी धरते. लेन्सची बुरशी हीच तिची भावंडं. कॅमेरा कापडी पिशवीत किंवा चामड्याच्या खोक्यात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर उत्तम. रंग बदलला की मंद आचेवर कोरड्या कढईत गरम करून परत वापरता येतात. कपाटात साड्यांमध्ये डांबरगोळ्या किंवा कापूर असतो, तिथे हा डबा नको. कॅमेरा कंपन्या स्वतःच सांगतात, या दोन्हींची वाफ कॅमेऱ्याला चालत नाही. देवघराखालचा कप्पाही त्याच कारणाने नको. वरच्या फडताळात ठेवा, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा, काम असो वा नसो.