परदेशातील वैद्यकीय शिक्षणासाठी देशाची निवड

भारतात वैद्यकीय प्रवेश न मिळालेले किंवा खासगी महाविद्यालयाचे शुल्क न परवडणारे अनेक विद्यार्थी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, चीन, फिलिपिन्स, बांगलादेश, नेपाळ इत्यादी देशांत शिक्षणासाठी जातात. भारतात परतून व्यवसाय करावयाचा असल्यास शुल्कापेक्षा तेथील अभ्यासक्रम भारतीय नियमांत बसतो की नाही, हा निकष निर्णायक ठरतो. तो न बसल्यास पदवी मिळूनही भारतात नोंदणी होऊ शकत नाही.

भारतीय नियम

परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी २०१८ पासून नीट परीक्षेतील पात्रता अनिवार्य आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांतील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे आहेत :

• अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा.
• त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी.
• प्रशिक्षणाचा कोणताही भाग अन्य देशात झालेला नसावा.
• पदवीधर त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणे वैद्यकीय परवान्यास पात्र असावा.
• प्रवेशापासून १० वर्षांच्या आत शिक्षण पूर्ण व्हावे.

भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा व आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक असते. सध्याच्या एफएमजीई या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात.

अटींचा निवडीवरील परिणाम

चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम ४८ महिन्यांचाच भरतो. त्यापूर्वीच्या विज्ञान पदवीची वर्षे त्यात धरता येत नाहीत. काही कॅरिबियन महाविद्यालयांत आरंभीचे शिक्षण बेटावर व रुग्णालयीन प्रशिक्षण अमेरिकेत होते. अशी रचना एकाच देशातील प्रशिक्षणाच्या अटीत बसत नाही. काही देशांत परवाना केवळ स्वतःच्या नागरिकांना मिळतो, म्हणून तेथील कायदा आधी पाहणे इष्ट असते.

अध्यापन इंग्रजीतून असले तरी रुग्ण स्थानिक भाषाच बोलतात. ती भाषा न शिकल्यास रुग्णतपासणीचा सराव अपुरा राहतो.

कालावधी व खर्च

परदेशातील ६६ महिने व भारतातील १२ महिने मिळून किमान साडेसहा वर्षे लागतात. परीक्षेच्या तयारीचा काळ त्याहून वेगळा असतो. त्यामुळे केवळ वार्षिक शुल्काची तुलना दिशाभूल करणारी ठरू शकते. वसतिगृह, भोजन, विमा, व्हिसा, प्रवास व चलनदरातील चढउतार यांचाही विचार करावा लागतो.

देशातील स्थैर्य

साथीच्या काळात चीनने २०२० पासून परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखला. भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागण्यास २०२२ उजाडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर तेथील हजारो भारतीय विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून परत आणण्यात आले. त्यांच्या अपूर्ण शिक्षणाच्या प्रश्नावर आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये अन्य देशांतील विद्यापीठांत स्थलांतरास ना हरकत दिली. ही सवलत अपवादात्मक होती.

पडताळणी

प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थांचा मोबदला बहुधा प्रवेशसंख्येवर अवलंबून असतो. त्यामुळे अभ्यासक्रमाचा कालावधी, आंतरवासितेचे ठिकाण व परवान्याची पात्रता या तीन बाबी शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी घेणे आणि भारतीय दूतावासाच्या सूचना वाचणे उपयुक्त ठरते.